घंटा थांबली की काय करायचं

अमेरिकेत पॉइंटिंग जातीचं, म्हणजे शिकारीत वासावर पक्षी हुडकून देणारं, कुत्रं पाळणारी मराठी घरं आता अधूनमधून भेटतात. बहुतेकांनी ते दिसायला गोड म्हणून आणलेलं असतं. मग कळतं की ब्रिटनी किंवा जर्मन शॉर्टहेअर रोज मनसोक्त पळालं नाही तर सोफा फाडतं, आणि कोणीतरी शेजारी सुचवतो की याला पक्ष्यांच्या शिकारीला काढून बघ. माझं असंच झालं. चिंगी ही माझी ब्रिटनी. तिला घेऊन मी उत्तर मिनेसोटाच्या जंगलात रफ्ड ग्राउस आणि वुडकॉक या पक्ष्यांमागे फिरतो. नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न बंदुकीचा विचारतो. मला विचाराल तर बंदूक शिकायला सोपी आहे. अवघड आहे ते सोडल्यासोडल्या झाडीत गडप होणारं कुत्रं नेमकं कुठे आहे, आणि काय करतंय, हे न बघता ओळखणं.

कायद्याचं आधी उरकून टाकू. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्या पिढीला शिकार या विषयाची ओळखच राहिली नाही, त्यामुळे इथे ती परवान्याने, हंगामात आणि मोजून चालते हे गावाकडच्या मावशीला फोनवर समजावणं हा एक वेगळाच उद्योग आहे. मिनेसोटात 31 डिसेंबर 1979 नंतर जन्मलेल्याला परवाना काढण्याआधी बंदूक-सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. दिवसाला ग्राउस पाच, वुडकॉक तीन, ही मर्यादा. कमरेच्या वर झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा घालावाच लागतो. आणि हे नीट वाचा: एच-1बी, एफ-1 अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने एरवी बंदूक जवळ बाळगता येत नाही. राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद आहे. तरीही मित्राची बंदूक नुसती हातात धरून बघण्याआधीसुद्धा इमिग्रेशन वकिलाशी बोला. कुत्र्यामागे मोकळ्या हाताने चालायला व्हिसा आड येत नाही, आणि पहिला हंगाम तसाच काढला तर उत्तमच.

आता झाडी. ग्राउसला आवडतं ते अ‍ॅस्पेनचं कोवळं रान. अ‍ॅस्पेन कापला की त्याच्या मुळांतून नवे कोंब फुटतात, सुरुवातीला एकरात दहा-वीस हजारसुद्धा, आणि पाच-दहा वर्षांत ते डोक्याच्या वर जातात. बोटाएवढ्या, मनगटाएवढ्या सरळ काठ्या, एकीला चिकटून दुसरी. ओढ्याच्या कडेला आल्डरची झुडपं, आल्डर तर आडवा-तिडवा वाढतो, पाय अडकवतो, टोपी काढून घेतो. खाली नेचे, पडलेले ओंडके, दलदल. वुडकॉक गांडुळं खातो, म्हणून तो तिथेच ओल धरून बसतो. सप्टेंबरच्या मध्यावर हंगाम उघडतो तेव्हा सगळी पानं झाडावर असतात आणि दहा पावलांपलीकडचं काही दिसत नाही. नवशिक्याने ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, पानगळ होईपर्यंत थांबावं असं माझं मत आहे. शनिवार-रविवार फुकट गेल्यासारखे वाटतील, पण कुत्रं आणि तुम्ही दोघं कमी वैतागाल.

आपल्याकडचा कारवान इथे काही कामाचा नाही, हेही कोणीतरी विचारतंच म्हणून सांगतो. तो माळरानावर नजरेने सावज धरून धावणारा कुत्रा. या झाडीत नजर चालतच नाही, नाक चालतं. पॉइंटिंग जातीचं कुत्रं वासावर पक्षी हुडकतं आणि जवळ पोचलं की जागच्या जागी ताठ थिजतं, यालाच पॉइंट म्हणतात. ते थिजलेलं असताना तुम्ही तिथे पोचायचं असतं. त्यामुळे या कुत्र्याचा माग ठेवण्यात एक गोम आहे: ते पळतंय तोवर साधारण कुठे आहे एवढं कळलं तरी भागतं, पण ते थांबलं की तो क्षण आणि ती जागा चुकवून चालत नाही.

याच्यावरचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे गळ्यात घंटा. गुरं रानात सोडताना बांधतात तशीच, फक्त लहान आणि जास्त किणकिणणारी. पंचवीसेक डॉलरला चांगली पितळी मिळते. नव्या माणसाने पहिला महिनाभर फक्त घंटेवर काढावा, हा माझा हट्ट आहे, भले खिशात जीपीएस असो. कारण घंटा ऐकता ऐकता कान शिकतात. मोकळ्या पळण्याचा नाद एकसारखा असतो. वास लागला की तो तुटक होतो, घाईचा होतो, दोन-तीन ठोके, मग थोडं थांबून पुन्हा दोन. चिखलातून जाताना तो दबतो. कुत्रं पाणी प्यायला वाकलं की एकदोन बारीक टिणटिण होते आणि मग शांतता, पण ही शांतता वेगळी, तिच्याआधी घाई नसते. पॉइंटच्या आधी घाई असते. हा फरक लिहून सांगता येतो तेवढा मी सांगितला, बाकीचा झाडीतच कळतो.

घंटा थांबली की तुम्हीही थांबा. लोक उलट करतात, आवाज बंद झाला की धावत सुटतात, आणि स्वतःच्या बुटांच्या कचकचाटात शेवटचा ठोका कुठून आला तेच विसरतात. उभे राहा, शेवटचा नाद ज्या बाजूने आला तिकडचं एखादं ओळखू येणारं झाड हेरा, पांढरा बर्च किंवा मोडका शेंडा, आणि त्या झाडावर नजर ठेवून चाला. वाटेत ओंडका चुकवायला वळलात तरी झाड सोडू नका. वारा जोराचा असेल तर घंटा वाऱ्याच्या वरच्या अंगाला असताना लांबची जवळ वाटते आणि खालच्या अंगाला असताना जवळची लांब. हे मनात धरून अंदाज बांधायचा.

जीपीएस कॉलर म्हणजे पैशांचा विषय. हातातलं यंत्र आणि कॉलर मिळून आठशे-नऊशे डॉलरच्या घरात जातं. जीपीएस यंत्रं बनवणाऱ्या गार्मिनने 2011 मध्ये ट्राय-ट्रॉनिक्स ही झटका देणाऱ्या प्रशिक्षण-कॉलरवाली जुनी कंपनी घेतली, आणि पुढे माग काढणं व प्रशिक्षण एकाच कॉलरमध्ये आलं. कॉलर उपग्रहांवरून स्वतःची जागा काढते आणि ती व्हीएचएफ रेडिओने तुमच्या हातातल्या यंत्राला कळवते, म्हणजे मोबाइलच्या टॉवरशी तिला घेणंदेणं नाही. अमेरिकेत हे 151 ते 154 मेगाहर्ट्झमधल्या मर्स नावाच्या पाच चॅनेलवर, दोन वॉटच्या आत, वेगळ्या लायसन्सशिवाय चालतं. खोक्यावर नऊ मैल वगैरे लिहिलेलं असतं ते डोंगरावरून डोंगरावर, मधे काही आडवं नसताना. ओल्या झाडीत, कुत्रं खोलगटात उतरलेलं असताना, त्याचा थोडासा भागच उरतो. ते पुरतं, पण खोक्यावरचा आकडा धरून कुत्र्याला सैल सोडू नका.

दोन सवयी लावून घ्या. कुत्र्याला गाडीतून काढल्यावर कॉलर रस्त्यावर, उघड्या आकाशाखाली उपग्रह पकडेपर्यंत थांबा, आणि गाडीची जागा यंत्रात नोंदवा. कॉलर दोन बोटं जेमतेम शिरतील इतकी घट्ट, आणि अँटेना मानेच्या वरच्या बाजूला उभी. सैल कॉलर फिरून अँटेना गळ्याखाली गेली की निम्मा सिग्नल कुत्र्याचं अंगच अडवतं.

आता पडद्यावर काय दिसतं ते सांगतो. मागच्या ऑक्टोबरात एका आल्डरच्या पट्ट्यात चिंगीची घंटा तुटक झाली आणि थांबली. यंत्र थरथरलं, पॉइंटचं चिन्ह आलं, अंतर 43 यार्ड. त्रेचाळीस यार्ड म्हणजे सोसायटीच्या गेटपासून जिन्यापर्यंत. तिथे पोचायला मला चांगलाच वेळ लागला. तीस, बावीस, चौदा. नऊ यार्डांवर यंत्र निरुपयोगी होतं, कारण त्याची चूकच तेवढी असते, बाण इकडून तिकडे हलायला लागतो. मी यंत्र खिशात टाकलं आणि गुडघ्यावर बसलो. उभ्याने आल्डरची पानं आणि फांद्या दिसतात, खाली बसलं की बुंध्यांमधली मोकळी फट दिसते. एका पडलेल्या बाल्सम फरच्या झाडाखाली नारिंगी कान दिसला, मग पांढरा पंजा, उचललेला. तेवढंच. बाकी कुत्रं झाडीतच मिसळलेलं. मी तिच्या पाठीमागून न जाता बाजूने वळसा घालून पुढे आलो, म्हणजे पक्षी तिच्या-माझ्या मधे राहावा. ग्राउस भुर्रकन उठला तो फरच्या पलीकडून, मला फक्त आवाज मिळाला. या रानात निम्मे पक्षी असेच कानाने मोजावे लागतात.

याच प्रसंगाला जोडून एक नियम, ज्यात तडजोड नाही. पक्ष्याच्या मागे आकाश दिसलं तरच बार. खालच्या, झाडीत घुसणाऱ्या पक्ष्यावर कधीच नाही, कारण तिथे कुत्रं असू शकतं आणि सोबतचा माणूसही. सोबत्याला दर दोन-तीन मिनिटांनी हाक घालायची, लाजायचं नाही.

बीपर कॉलर हा मधला मार्ग. कुत्रं थांबलं की ती स्वतः आवाज करते, काही मॉडेलमध्ये ससाण्याची किंकाळी असते. ऐकायला कमी येणाऱ्यांना बरी. मला तो आवाज सहन होत नाही, विषय संपला.

यंत्रं बाजूला ठेवली तर खरं काम उन्हाळ्यात घराजवळ होतं. शिट्टीवर वळणं आणि बोलावल्यावर येणं, दोनच गोष्टी, पण हरीण समोरून पळालं तरी पाळल्या जातील इतक्या पक्क्या. पार्कमध्ये कुत्र्याला न सांगता दिशा बदला, झाडाआड उभे राहा. तुमच्याकडे लक्ष ठेवण्याची सवय त्यालाच लागू दे. अशा कुत्र्याची घंटा झाडीतही आपोआप दर मिनिटा-दोन मिनिटांनी जवळून जाते. इलेक्ट्रिक कॉलरचा झटका हा शिकवलेली गोष्ट आठवून द्यायला असतो, न शिकवलेली शिकवायला नाही. ज्याला येत नाही त्याने जाणत्याकडून शिकून मगच ते बटण दाबावं.

कुत्रं हरवलं तर? आधी पडद्यावरची जागा किती जुनी आहे ते बघा, सिग्नल तुटला तरी शेवटचा ठिपका तसाच राहतो आणि माणसं त्या शिळ्या ठिपक्याकडे चालत जातात. उंचवट्यावर चढा, यंत्र डोक्याच्या वर धरा, गप्प उभे राहून ऐका. ठिपका ताजा आहे पण हलत नाही आणि हाकेलाही येत नाही, असं असेल तर घाई करा. उत्तरेत सापळे लावलेले असतात, आणि पकड सापळ्यात मान अडकली तर हातात मिनिटं असतात. सापळा दोरीने कसा उघडायचा हे हंगामाआधी घरी करून बघा, दोरी खिशात ठेवा. साळिंदराचे काटे ओढायला पक्कड हवीच. लांडगेही आहेत, म्हणून कुत्र्याला लांबवर एकटं फिरू द्यायचं नाही. अंधार पडेपर्यंत मिळालं नाही तर ते जिथून सोडलं तिथेच आपलं अंगातलं जॅकेट आणि पाण्याचं भांडं ठेवा, उजाडताच परत या. बरीच कुत्री त्या जॅकेटवर झोपलेली सापडतात. कॉलरवर फोन नंबरची पट्टी रिव्हेट करून बसवलेली असावी, लोंबती नको, लोंबती झाडीत तुटते.

गाडीशी आल्यावर लगेच निघू नका. डोळ्यांच्या पापण्यांखाली गवताचं बी बघा, बोटांच्या बेचक्यांत, काखेत गोचीड बघा. घंटेत चिखल भरला असेल तर काडीने काढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती मुकी निघते. आणि कॉलर रात्रीच चार्जिंगला लावा, पहाटे चहाच्या घाईत राहून जाते.