कूलरची जाहिरात मे महिन्यात? नागपूरच्या दुकानदारांनो, या चुका टाळा

दरवर्षी एप्रिल संपत आला की मला असा एखादा फोन येतोच. "भाऊ, पॅम्प्लेट वाटले, ऑटोवर भोंगा फिरवला, फेसबुकवर पैसे टाकले, तरी गिऱ्हाईक नाही येऊन राहिलं." मी बारा वर्षं कूलरचं दुकान चालवलं. आता लहान दुकानदारांना वर्षाचं नियोजन आखून देतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. जाहिरात कमी पडली म्हणून फार थोडी दुकानं बसतात. गिऱ्हाईक कोण आहे, कुठून येतं आणि कधी खरेदी ठरवतं, हे लिहून न ठेवल्यामुळे जास्त बसतात. उदाहरणं मी कूलरचीच देणार आहे, पण तुमचं दुकान कापडाचं असो की संत्रा बर्फीचं, हिशेब तोच लागतो.

पैसा लावला, पण वेळ निघून गेली

नवीन कूलर घ्यायचा हे घरात कधी ठरतं? होळीच्या आसपास. गच्चीवरचा किंवा पलंगाखालचा जुना कूलर बाहेर निघतो, टाकीचा पत्रा सडलेला दिसतो, पंप जाम झालेला असतो आणि गेल्या वर्षीच्या ताट्यांमधून (बाजूच्या गवती जाळ्यांमधून) माती गळते. "आता नवाच घेऊ" हे वाक्य त्या वेळी निघतं. तेव्हा त्या घरात जो माणूस पान्हा घेऊन उभा असतो, त्याच्याकडूनच बहुतेक नवा कूलर घेतला जातो.

म्हणून जाहिरात फेब्रुवारीत करा, आणि ती विक्रीची नको, दुरुस्तीची करा. "जुन्या कूलरच्या ताट्या बदलून, पंप तपासून देतो, घरी येतो." मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की गिऱ्हाईक जाहिरात पाहत बसत नाही. जवळ जे मिळेल आणि आज संध्याकाळी घरी पोहोचेल, ते घेतं. त्या वेळी तुमच्याकडे माल हवा आणि हमखास उचलणारा हमाल हवा. भोंग्याचे पैसे वाया जातात.

मालाची बोलणी याच्याही आधी, डिसेंबर-जानेवारीत उरका. पत्र्याचे कूलर बनवणाऱ्यांकडे तेव्हा काम कमी असतं. भाव बोलायला जागा असते आणि टाकी जाड पत्र्याची आहे की नाही, हे उभं राहून पाहायला वेळही मिळतो.

गर्दी पाहून खर्च करू नका, हेही इथेच सांगतो. मारबतीच्या दिवशी इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते. तिथे बॅनर लावायचा मोह मलाही झाला होता. पण ते लोक मिरवणूक पाहायला आलेले असतात, घरी जाताना कोणी फ्रीज घेऊन जात नाही. याउलट धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलभोवती झुंबड असते, कारण तिथे येणारी माणसं पुस्तकं घ्यायचीच हे ठरवून घरून निघालेली असतात. गर्दी मोजण्याआधी ती कशासाठी जमली आहे ते पाहा.

विक्री वाढली, गल्ल्यात पैसा नाही

या तक्रारीमागे जवळजवळ नेहमी सूट असते. समजा कूलर 10,000 रुपयांचा आहे, तुम्हाला 7,500 ला पडतो. एका नगामागे 2,500 सुटतात. शेजारच्याने 10 टक्के सूट लावली म्हणून तुम्हीही लावली, तर 1,000 गेले आणि 1,500 उरले. आधी 30 कूलर विकून 75,000 सुटत होते. आता तेवढेच सोडवायला 50 विकावे लागतील. वीस कूलर जास्त, म्हणजे वीस वेळा जास्तीची वाहतूक, वीस वेळा फिटिंग, आणि तक्रारीचे फोन वेगळेच. सूट देण्याआधी हा गुणाकार बिलबुकाच्या मागच्या पानावर एकदा करून पाहा. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने तो जूनमध्ये केला, हंगाम संपल्यावर. त्याचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

सूट देण्याऐवजी काम द्या. लोखंडी स्टँड, घरी फिटिंग, पुढच्या वर्षी एकदा ताट्या बदलून देणं. ठोक भावात हे तुम्हाला हजार रुपयांपेक्षा बरंच स्वस्त पडतं, आणि ताट्यांच्या निमित्ताने पुढच्या फेब्रुवारीत तुम्ही त्या घरात पुन्हा जाता. गिऱ्हाईक अडून बसलं की मी म्हणायचो, "ताई, भाव कमी नाही होणार, पण कूलर चालू करून, पाणी सोडून, मगच माणूस निघेल." बहुतेक वेळा तेवढं पुरायचं.

कुठली जाहिरात चालली ते कळत नाही

कळणार कसं, कोणी विचारलंच नाही! बिल फाडताना एकच प्रश्न विचारा: "आमच्याकडे कसं येणं झालं?" एका साध्या वहीत चार रकाने पाडा. तारीख, मोहल्ला, काय घेतलं, कोणी सांगितलं. मी पहिल्या वर्षी पूर्ण शहरात वर्तमानपत्रातून पॅम्प्लेट टाकले होते. वही भरल्यावर दिसलं की अर्ध्याहून जास्त गिऱ्हाईक दुकानाजवळच्या दोन-तीन वस्त्यांमधलं होतं आणि त्यातल्या बहुतेकांना जुन्या गिऱ्हाइकाने पाठवलं होतं. दुसऱ्या वर्षी पॅम्प्लेट बंद केले. तोच पैसा ताट्या बदलणाऱ्या एका जास्तीच्या मुलावर लावला.

वहीतून दुसरीही गोष्ट उघडी पडते. "आमचं गिऱ्हाईक सगळेच" हे खरं नसतं. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत काम करणारा, खोली भाड्याने घेऊन राहणारा मुलगा एकट्याने उचलता येईल असा छोटा फायबरचा कूलर मागतो, कारण वर्षभरात त्याची खोली बदलते. धरमपेठेतल्या स्वतःच्या घरात राहणाऱ्या काकूंना खिडकीत कायमचा बसणारा मोठा कूलर हवा असतो, आणि त्या वाळ्याच्या ताट्यांचं आवर्जून विचारतात. दोघांना एकच पॅम्प्लेट दिलं की ते कोणालाच आपल्यासाठी वाटत नाही.

विचारणा येते, गिऱ्हाईक येत नाही

आधी गूगल मॅपवर स्वतःचं दुकान शोधा, तेही दुसऱ्याच्या फोनवरून. इतवारीच्या गल्ल्यांमध्ये पिन एक गल्ली सरकली तरी माणूस शेजारच्या दुकानात शिरतो. फोन नंबर जुना आहे का, रविवारी दुकान चालू असताना "बंद" दिसतं का, दुकानाच्या दर्शनी भागाचा फोटो आहे का, एवढं तपासा. पुलाच्या किंवा रस्त्याच्या कामाने वाट बदलली असेल तर कुठून यायचं आणि गाडी कुठे लावायची, ते एका ओळीत लिहा.

किंमत लपवू नका. "भाव इनबॉक्समध्ये" लिहिलं की विचारणारा पुढच्या दुकानाकडे सरकतो. "8,500 पासून" एवढं लिहिलं तरी चालतं.

आणि व्हॉट्सअॅप. पुष्कळांना वाटतं की ब्रॉडकास्ट यादीत नंबर टाकला की निरोप गेला. तसं नाही. ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे, त्यालाच तो निरोप पोहोचतो, आणि साध्या ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 च नंबर बसतात. तेव्हा गिऱ्हाईक दुकानात उभं असतानाच सांगा, "साहेब, हा नंबर सेव्ह करा, वॉरंटीचं काम याच नंबरवर होते." ग्रुप मात्र करू नका. एकाचा नंबर शंभर जणांना दिसतो, लोक चिडतात आणि बाहेर पडतात.

हंगाम चांगला गेला, तरी दिवाळीला हात रिकामा

वसतिगृहं, मेस, मंगल कार्यालयं वीस-वीस कूलर उधारीवर नेतात आणि पैसे पावसाळाभर फिरवतात. कूलर तुम्ही स्वतः बनवत असाल तर उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या आणि बिलावर तो क्रमांक छापा. एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला हा आधार मिळत नाही. त्याने अर्धी रक्कम आधी घेतल्याशिवाय माल गाडीत चढवू नये.

जूनमध्ये पहिला चांगला पाऊस पडला की वही उघडा आणि त्या वर्षीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करा. विकायचं काही नसतं. "कूलरची टाकी रिकामी करून पुसून ठेवा, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. पंप काढून कोरडा ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी जाम होणार नाही." एका फोनला दोन मिनिटं लागतात. मी रोज दुपारी दहा करायचो.