इंग्रजीत वाक्यं जोडताना आधी क्रियापदं मोजा

'द पॉवर फेल्ड, द लूम्स स्टॉप्ड.' सोलापुरात 'लाइट गेली, माग थांबले' म्हटलं तर कुणी चूक काढणार नाही. इंग्रजीत मात्र परीक्षक इथे हमखास लाल खूण करतो, कारण दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमावर टांगलेली आहेत.

हे पकडायला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही. पेन्सिल घ्या आणि काळ दाखवणाऱ्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. 'हॅज बीन रनिंग' हे सगळं मिळून एक. 'टु रन' किंवा एकटं 'रनिंग' मोजायचं नाही. आलेल्या आकड्यातून एक वजा करा, तेवढे जोड (म्हणजे 'सो', 'व्हेन', 'हू' असे जोडणारे शब्द) वाक्यात हवेत. वरच्या वाक्यात क्रियापदं दोन, म्हणजे जोड एक हवा, आहे शून्य. (कधी जोड लपलेला असतो. 'आय नो ही इज हिअर' मध्ये 'दॅट' गाळलाय, तो धरायचा.)

दुरुस्तीचे मार्ग तीन. फुलस्टॉप देऊन दोन केवल वाक्यं करा. नाहीतर 'द पॉवर फेल्ड, सो द लूम्स स्टॉप्ड' असं संयुक्त वाक्य करा. कॉमानंतर येऊन दोन पूर्ण वाक्यं जोडणारे शब्द सातच: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' त्यात बसत नाहीत. त्यांच्याआधी फुलस्टॉप किंवा सेमिकोलन लागतो, आणि चांगले लिहिणारेही इथेच घसरतात. तिसरा मार्ग मिश्र वाक्याचा: 'व्हेन द पॉवर फेल्ड, द लूम्स स्टॉप्ड.' गौण वाक्य (इथे 'व्हेन'चं) आधी आलं तर कॉमा द्या; मागे गेलं तर बहुधा नको. कुठलं आधी ठेवायचं? इंग्रजीत वजन शेवटी पडतं. माग थांबल्याचं सांगायचं असेल तर ते शेवटी; लाइट गेल्याची तक्रार असेल तर ती शेवटी.

जोड जास्त झाला तरी चूकच. 'ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड' हे आपल्या 'जरी-तरी'चं पिल्लू. एक काढा, कुठलाही.

आता 'इंग'. 'रीचिंग द सिद्धेश्वर टेंपल, द रेन स्टार्टेड' याचा इंग्रजीतला अर्थ असा की पाऊसच देवळात पोचला. मराठीत 'देवळात पोचल्यावर पाऊस सुरू झाला' चालतं, कारण 'ल्यावर'ला दोन वेगळे कर्ते चालतात. पण 'देवळात पोचून पाऊस सुरू झाला' असं कुणी म्हणतं का? वाक्याच्या सुरुवातीच्या 'इंग'चा स्वभाव 'ऊन'सारखा आहे: पुढचा कर्ता तोच लागतो. म्हणून 'व्हेन वी रीच्ड' लिहा आणि मोकळे व्हा.

यादीत सगळे घटक एका जातीचे ठेवा. 'चादर्स, टॉवेल्स अँड मेकिंग शेंगा चटणी' मध्ये 'मेकिंग' उपरा आहे, तो काढला की यादी सरळ होते.

सरावाला हा मजकूर घ्या: 'डॉ. कोटणीस वॉज बॉर्न इन सोलापूर इन 1910. ही वेंट टु चायना इन 1938. ही डाइड देअर इन 1942.' चूक एकही नाही, पण हजेरी घेतल्यासारखं वाटतं. जोडून पाहा: 'डॉ. कोटणीस, हू वॉज बॉर्न इन सोलापूर इन 1910, वेंट टु चायना इन 1938 अँड डाइड देअर इन 1942.' क्रियापदं तीन, जोड दोन ('हू' आणि 'अँड'). हिशेब जुळला. 'अँड'च्या आधी कॉमा नाही, कारण पुढे नवा कर्ता नाही. तरीही सगळं एका दमात संपतं आणि मृत्यूची बातमी तारखांच्या गर्दीत हरवते. त्यापेक्षा एक लांब, एक आखूड: 'बॉर्न इन सोलापूर इन 1910, डॉ. कोटणीस वेंट टु चायना इन 1938 विथ अ मेडिकल मिशन. ही नेव्हर केम बॅक.'