सोफा घेताना या चुका टाळा : आधी दार मोजा, मग गुडघे

आमचा पहिला नवा सोफा घरात यायला दोन दिवस लागले. इमारत जुनी, तीन मजल्यांची, लिफ्ट नाही. दुकानातून आलेल्या दोघांनी तो दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवला आणि जिन्याच्या वळणावर तो अडला. उभा केला, आडवा केला, पाय काढले, तरी सरकेना. रात्री खाली पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सुताराने मागचं कापड उसवून पाठ सुटी केली, तेव्हा कुठे तो वर आला.

खरी चूक मात्र महिनाभराने लक्षात आली. आई त्या सोफ्यावर बसतच नव्हती. बैठक जमिनीपासून जेमतेम पंधरा इंच, आईचे गुडघे दुखरे. एकदा बसली की उठायला कुणाचा तरी हात लागायचा, आणि हात मागणं तिच्या स्वभावात नाही. म्हणून ती बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची. तेव्हापासून ओळखीत कुणी सोफा घ्यायला निघालं, की रंग आणि डिझाइनच्या आधी मी या गोष्टी विचारते.

भिंत मोजली, वाट मोजलीच नाही

बहुतेक जण हॉलची भिंत मोजतात आणि दुकानात जातात. तीन जणांचा सोफा साधारण ७८ ते ८४ इंच लांब आणि ३४ ते ३८ इंच खोल असतो, तो भिंतीला लागतो. पण भिंतीपर्यंत पोहोचायला त्याला गेट, जिना किंवा लिफ्ट, पॅसेज आणि दार पार करायचं असतं. सगळ्यात जास्त विसरलं जातं ते सेफ्टी डोअर. मुख्य दाराची चौकट तीन-सव्वातीन फूट असली, तरी बाहेरचं सेफ्टी डोअर शेजारच्या भिंतीला किंवा शू रॅकला अडून पूर्ण उघडत नाही. म्हणून चौकट न मोजता, दोन्ही दारं उघडून मधे जी मोकळी जागा उरते ती मोजा. सोफ्याची उंची आणि खोली यांतलं लहान माप त्या जागेपेक्षा निदान दोन इंच कमी हवं. बऱ्याच फ्लॅटमध्ये दारातून आत आल्यावर लगेच काटकोनात वळण असतं, आणि अखंड लांब सोफा अडकतो तो तिथेच.

लिफ्टच्या भरवशावर राहू नका. जुन्या सहा माणसांच्या लिफ्टचं दार बरेचदा अडीच फुटांच्याही आत असतं. शिवाय काही सोसायट्या लिफ्टमधून फर्निचर नेऊ देत नाहीत. मग जिन्याने चढवण्याचे मजल्यामागे वेगळे पैसे मागितले जातात आणि त्यावरून दारात वाद होतो. हे ऑर्डरच्या आधीच विचारून घ्या. वाट अरुंद असेल तर पाय आणि हात सुटे होणारा, किंवा दोन भागांत येऊन नट-बोल्टने जोडला जाणारा सोफा सांगा.

एल आकाराचा सोफा घेणाऱ्यांची एक चूक तर मी तीनदा पाहिली आहे. 'डावा' की 'उजवा' हे कुठून बघायचं? काही दुकानं सोफ्यासमोर उभं राहून सांगतात, काही त्यावर बसून. तोंडी सांगू नका. हॉलचं साधं चित्र काढा, दार आणि खिडकी दाखवा, लांब बाजू कुठे येणार ते रंगवा आणि तो कागद बिलाला जोडा.

जागेचा अंदाज घ्यायला जुनी वर्तमानपत्रं पुरतात. सोफ्याच्या मापाचे कागद जमिनीवर चिकटवा आणि दोन दिवस घरात वावरून बघा. बाल्कनीचं दार उघडतं का, टीव्हीखालचा खण बाहेर येतो का, दोन माणसं एकमेकांना न धडकता जातात का? जाण्यायेण्याला अडीच फूट मोकळे हवेत. गणपतीचं मखर दरवर्षी कुठे मांडता, तीही जागा आताच आठवा. भाद्रपदात एल सोफा कुठे सरकवणार?

शोरूममध्ये दोन मिनिटं बसून ठरवलं

सोफा बघायला घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला घेऊन जा. जमत नसेल तर ते ज्या खुर्चीवरून सहज उठतात तिची उंची मोजून न्या. साधारण १७-१८ इंच बहुतेकांना ठीक, गुडघे दुखणाऱ्यांना १९ सुद्धा बरी वाटते. हे माप बसल्यावरचं बघा, कारण मऊ गादी दीड-दोन इंच खाली जाते. आणि चपला-बूट काढून बसा. घरात आपण अनवाणी असतो, दुकानात मात्र टाचेखाली एक इंच जास्त असतो आणि तिथेच फसगत होते. दहा मिनिटं बसा, मग हात न टेकता उठून बघा. वयस्करांसाठी सोफ्याला धरता येईल असा टणक हात हवा. नुसत्या उशीचा हात उठताना आधार देत नाही.

बैठक किती खोल आहे, ही दुसरी गोष्ट. परदेशी धर्तीच्या बऱ्याच सोफ्यांची बैठक २४ इंच किंवा जास्त खोल असते. पाच फूट उंचीच्या बाईने पाठ टेकली की तिचे पाय अधांतरी राहतात. पाठ सरळ ठेवून बसणाऱ्यांना २०-२२ इंच पुरतात. पण आपल्याकडे सोफ्यावर मांडी घालून भाजी निवडली जाते, ताट घेऊन जेवलंही जातं. अशा घराला खोल बैठकच सोयीची, फक्त पाठीला घट्ट उशी हवी.

सोफा आधीच घेतला असेल आणि बुटका निघाला असेल, तर तो बदलायची घाई करू नका. आमच्या सुताराने जुने पाय काढून दोन इंच जास्त उंच लाकडी पाय बसवले, वर बैठकीत एक इंचाचा कडक फोम घातला. आई आता तिथे बसते. पायांखाली नुसत्या विटा किंवा सुटे ठोकळे ठेवू नका. म्हातारं माणूस आधाराला हात टेकतं, तेव्हाच ते सटकतात.

'फोर्टी डेन्सिटी आहे' यावर विश्वास ठेवला

मुंबईत ओशिवऱ्यात जा, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जा, विक्रेता पहिलं वाक्य डेन्सिटीचं बोलतो. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. कडकपणाशी तिचा थेट संबंध नाही. हलका फोमही हाताला कडक लागू शकतो, आणि तोच वर्ष-दीड वर्षात बसतो. रोज वापरायच्या बैठकीला ३२ च्या खाली जाऊ नये, ४० असेल तर उत्तम. पाठीला कमी चालतो.

सांगितलेली डेन्सिटी खरी आहे का, हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. २४ इंच लांब, २४ रुंद आणि ५ इंच जाड फोम ३२ डेन्सिटीचा असेल तर साधारण दीड किलो भरतो, ४० चा असेल तर जवळपास १ किलो ९०० ग्रॅम. किलोच्याही आत भरला तर तो २० च्या आसपासचा समजा. कव्हर काढून वजन करा. तुकडे चिकटवून केलेला रिबाँडेड फोम मात्र याहून बराच जड असतो, त्यामुळे आत काय आहे ते डोळ्यांनीही बघा.

जुना सोफा खचला असेल तर लगेच फोमला दोष देऊ नका. गादी उचला आणि खालच्या पट्ट्यांवर तळहाताने दाबा. पट्टे सैल झाले असतील किंवा झिगझॅग स्प्रिंगची कडी निसटली असेल, तर नवा फोमही त्याच खड्ड्यात जाईल. आधी ते ताणून घ्या. पट्टे घट्ट असतील तरच फोम बदला, आणि तो कव्हरपेक्षा किंचित मोठा कापून घ्या म्हणजे कापडाला सुरकुत्या पडत नाहीत.

पाऊस विचारातच घेतला नाही

मुंबई-ठाणे-कोकणातल्या हवेत रेक्झिन किंवा पीयू लेदर असं नकली चामडं घ्यायचं असेल तर विचार करा. दमटपणा, घाम आणि डोक्याचं तेल यांनी वरचा थर फुटतो आणि पापुद्रे निघतात. एकदा सुरू झालं की चिकटवून थांबत नाही, कव्हरच बदलावं लागतं. विणलेलं, जाडसर कापड जास्त वर्षं साथ देतं. चेन आहे म्हणून कव्हर धुता येतंच असं नाही, आटतं का ते विचारा. डोकं टेकतं तिथे एक सुती कापड टाकून ठेवा.

पार्टिकल बोर्डचा सांगाडा टाळा. लादी पुसताना रोज लागणाऱ्या पाण्याने तो फुगतो आणि स्क्रू सैल होतात. साल वृक्ष, शिसव, सागवान यांचं लाकूड किंवा चांगला प्लाय बघा. पाय निदान चार-पाच इंच असावेत, म्हणजे केरसुणी खाली जाते. नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर झोडपतो. त्या भिंतीला ओल येत असेल तर सोफा चार इंच पुढे ओढा, नाहीतर मागच्या कापडाला बुरशी धरते.

जुना सोफा घेत असाल तर टॉर्च लावून शिलाईच्या खाचा बघा. काळे ठिपके ढेकणांचे, खाली पिठासारखा भुसा लाकडाच्या किडीचा. दोन्हींपैकी काहीही दिसलं तर कितीही स्वस्त मिळाला तरी घरात आणू नका.

पैसे देताना लाकूड कोणतं, फोमची डेन्सिटी किती, कापडाचा नंबर काय, हे तिन्ही बिलावर लिहून घ्या. आणि त्याच ताग्यातलं अर्धा-एक मीटर कापड जास्तीचं मागा. चार वर्षांनी एखाद्या बैठकीचा कोपरा फाटेल, तेव्हा ते डिझाइन बाजारात मिळणार नाही.