पाळीचा त्रास डॉक्टरांना कळेल असा कसा नोंदवावा: ऑटिस्टिक स्त्रियांसाठी

अनियमित पाळी, दुखरी पाळी आणि पीसीओएस (पुरुषी हार्मोन वाढून पाळी बिघडण्याचा आजार) हे त्रास ऑटिस्टिक स्त्रियांमध्ये जास्त आढळतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तरी निदान रखडतं. चेहरा शांत, आवाज सपाट आणि तोंडी ‘खूप दुखतं’ एवढंच, मग समोरच्याला ते खरं वाटत नाही. चेहऱ्यावर दुखणं आणून दाखवायचा सल्ला बरेच जण देतात. त्यात शक्ती घालवू नका. हातात दोन पाळ्यांची रोजची नोंद असली की चेहऱ्याकडे कोणी बघत नाही.

१. साधन निवडा. वही, मोबाइल, काहीही चालेल. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांतून ‘आजचा मूड’ निवडायला लावणारं अ‍ॅप मात्र नको.

२. पहिला दिवस ठरवा. नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस पहिला. आदल्या दिवशीचे डाग वेगळे लिहा. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. प्रौढ वयात हे अंतर २४ ते ३८ दिवस असेल तर ठीक.

३. काय लिहायचं. सगळं इथेच अडतं, म्हणून हे सावकाश वाचा.

‘दुखणं १ ते १० मध्ये किती?’ हा रकाना काढून टाका. भूक, लघवी, वेदना असे शरीराच्या आतले इशारे अनेक ऑटिस्टिक स्त्रियांना उशिरा, अस्पष्ट किंवा एकदम अंगावर आल्यासारखे कळतात. भावना ओळखून तिला नाव देणंही अनेकींना जड जातं. अशा वेळी अंदाजाने ५ लिहिला जातो, आणि महिनाभर ५ लिहिलेल्या वहीतून कुणालाच काही समजत नाही. त्यापेक्षा जे मोजता येतं आणि बाहेरून दिसतं, ते लिहा:

- किती पॅड बदलले, त्यातले पूर्ण भिजलेले किती, रात्री बदलायला उठावं लागलं का, अडीच सेंटीमीटरपेक्षा मोठ्या रक्ताच्या गाठी पडल्या का.
- दुखण्यामुळे काय बंद पडलं: उभं राहणं, जेवण, काम, बोलणं. गोळी किती वाजता घेतली, आणि बंद पडलेलं पुन्हा किती वाजता सुरू झालं.
- दुखण्याची जागा. शौचाला किंवा लघवीला होताना दुखलं तर ते आवर्जून लिहा. एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची) शंका घ्यायला डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.
- किती तास झोप झाली. किती वेळची जेवणं राहिली.
- मेल्टडाउन (ताण असह्य होऊन ताबा सुटणं) किंवा शटडाउन (तसंच होऊन गप्प, सुन्न होणं) किती, किती मिनिटांचे. वाचा गेली का. एरवी चालणारा कोणता कपडा, वास किंवा आवाज आज सहन झाला नाही.

‘आज फार वाईट गेला’ यातून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. ‘२६ वा दिवस. ४ तास झोप. मिक्सरच्या आवाजाने शटडाउन, ४० मिनिटं. रात्री जेवण नाही.’ यातून लागतं.

रोज ठरलेल्या वेळी लिहा. दिवस चुकला तर जागा कोरी सोडा, आठवून भरू नका. एक वाईट दिवस आठवणीत अख्खा आठवडा काळा करतो. घरातलं कोणी रोज तुम्हाला बघत असेल, तर त्यांना वेगळा रकाना द्या. त्यांचं आणि तुमचं जुळलं नाही तरी खोडू नका.

आणि बऱ्या दिवशीही लिहायचंच. ‘त्रास होईल तेव्हा लिहा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. पीएमडीडीचं, म्हणजे पाळीपूर्वीच्या तीव्र मानसिक त्रासाचं, निदान पाळीनंतरच्या आठवड्यावर ठरतं. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसोपचाराच्या निकषांनुसार लक्षणं पाळीच्या आधीच्या आठवड्यात दिसतात, पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत उतरू लागतात आणि पाळीनंतरच्या आठवड्यात नगण्य होतात. शिवाय किमान दोन चक्रांच्या रोजच्या नोंदीतून हे दिसावं लागतं. पाळीनंतरही त्रास तसाच असेल, तर मुळातली चिंता, नैराश्य किंवा ऑटिस्टिक बर्नआउट (सततच्या ताणाने येणारा दीर्घ थकवा) पाळीआधी वाढत असण्याची शक्यता जास्त. दोन्हींचे उपचार वेगळे. बऱ्या दिवसांची पानं कोरी असतील, तर यातलं काय आहे हे कुणीच सांगू शकत नाही.

दोन चक्रं थांबायचं, पण या गोष्टींत नाही: जीव द्यावासा वाटणं, सलग दोन-तीन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजणं, चक्कर येऊन पडणं, गरोदर असण्याची शक्यता असताना पोटात दुखणं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

४. चालू औषधांची यादी जोडा. ही पायरी गाळू नका, कारण मानसोपचाराची औषधं एकाकडे आणि पाळी दुसऱ्याकडे असं अनेकदा होतं. रिस्पेरिडोन या मानसोपचाराच्या औषधाने प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) वाढून पाळी लांबू किंवा थांबू शकते. व्हॅल्प्रोएट या फिटच्या आणि मूडच्या औषधाचा पीसीओएससारख्या लक्षणांशी संबंध आहे, आणि गरोदरपणात ते बाळाला घातक ठरतं. कार्बामाझेपिन या तशाच औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर घटतो. उलट इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांमुळे लॅमोट्रिजिन या फिटच्या औषधाची रक्तातली पातळी उतरून फिट येऊ शकते. मनाने कोणतंही औषध बंद करू नका. डोळ्यांपुढे चमचम होऊन अर्धशिशी होत असेल, तर तेही या यादीत लिहा. अशांना इस्ट्रोजेनच्या गोळ्या सहसा देत नाहीत.

५. एक पान काढा. वर तीन ओळी: काय होतं, कोणत्या दिवशी, त्याने काय बंद पडतं. खाली दोन चक्रांचा तक्ता. आत गेल्यावर आधी पान द्या, मग बसा. पूर्ण वही पिशवीत राहू द्या.

६. तपासणीच्या अटी आधीच लिहून द्या. ‘हात लावण्याआधी सांगा’, ‘थांबा म्हटलं की थांबा’, ‘दिवा कमी करता येईल का’. आतून केलेली सोनोग्राफी सहन होणार नसेल तर नाही म्हणता येतं. पोटावरून करतात, फक्त चित्र कमी स्पष्ट येतं. पोटावरच्या सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं, आणि ‘लघवी लागली की सांगा’ ही सूचना ज्यांना ती वेळेत कळतच नाही त्यांच्या कामाची नाही. किती पाणी, किती वाजता, हे आकड्यांत विचारून घ्या.

पीसीओएससाठी दरवेळी सोनोग्राफी लागतेच असं नाही. पाळी अनियमित आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं स्पष्ट असतील, तर इतर कारणं वगळून तेवढ्यावर निदान होतं. प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच ही (अंडाशयातल्या एका हार्मोनची) रक्ततपासणीही चालते, असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. एंडोमेट्रिओसिसचं तसं नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी तो नाही असं ठरत नाही. अंगावर जास्त जात असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांगा.

७. औषध सुरू झाल्यावर तेच रकाने चालू ठेवा. त्याच महिन्यात नवं पॅड, नवी अंतर्वस्त्रं किंवा कप आणू नका; त्रास कशाने बदलला ते कळणार नाही. पुढच्या भेटीला आधीचं आणि नंतरचं, अशी दोन पानं न्या.