गुडघा बर्फात दुखावतो, पण बिघडतो घरी: स्कीइंगला जाणाऱ्या सातारकरांनो, या चुका टाळा

हिवाळ्यात गुलमर्ग किंवा औलीला स्कीइंगचा कोर्स करायला आपल्याकडची तरुण मंडळी हौसेनं जातात. बहुतेक जण धडधाकट परत येतात, एखादा मात्र लंगडत माझ्याकडे येतो. मी साताऱ्यात फिजिओथेरपी करते. अशा पेशंटच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती एका गोष्टीची. पडल्यामुळे झालेलं नुकसान बऱ्याचदा थोडं असतं, आणि नंतरच्या पंधरा दिवसांत घरच्या घरी झालेलं नुकसान भरून काढायला मला महिने घालवावे लागतात.

मागच्या हंगामातला एक मुलगा सांगते. हाफ मॅरेथॉन दोनदा पळालेला, यवतेश्वरचा घाट पायाखालचा. गुलमर्गला चौथ्या दिवशी मागच्या बाजूला कलंडला, डावा गुडघा आत वळला आणि 'कट्' असा आवाज आला. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म. श्रीनगरहून विमानानं पुणे, तिथून गाडीनं सातारा, आणि माझ्याकडे आला तो अकराव्या दिवशी. टेबलावर उताणा झोपवून पाहिलं, तर उजव्या गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकत होती आणि डाव्याखालून माझा अख्खा हात आरपार जात होता.

गुडघ्याखालची उशी

"मॅडम, उशी काढली की ह्याला झोपच लागत नाही. मग ठेवू नको का?" त्याच्या आईनं विचारलं. अकरा रात्री त्यांनी मायेनं गुडघ्याखाली उशी ठेवली होती.

त्यांचं निरीक्षण खरंच होतं. सुजलेल्या गुडघ्यात पाणी किंवा रक्त साठतं, आणि साधारण ३० अंशांत वाकवला की त्याला सांध्यात जास्त जागा मिळते, म्हणून आराम वाटतो. पण तसाच ठेवला की मागचं आवरण आखडतं आणि पुढची मांडी काम करायचं सोडून देते. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही, तर माणूस पुढे कितीही दिवस लंगडतच चालतो.

उशी टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली नाही. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली घ्यायची, गुडघा हवेत मोकळा सोडायचा, दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. त्याच स्थितीत मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. अर्थात फ्रॅक्चर नाही हे आधी नक्की झालेलं हवं, आणि डॉक्टरांनी ब्रेस, म्हणजे गुडघ्याला आधार देणारा पट्टा, लॉक करून दिला असेल तर त्यांचं ऐकायचं.

एक फरक मात्र ओळखा. सरळ करताना मागे ताण येतो आणि रोज थोडं थोडं सुटत जातं, तर व्यायाम चालू ठेवा. पण दारात खडा अडकावा तसा गुडघा एका जागी टक्कन अडत असेल, तर जोर लावू नका. आतली गादी फाटून मध्ये आलेली असू शकते. ते काम हाडांच्या डॉक्टरांचं.

मालीश, शेक आणि 'मुका मार आहे, बसेल'

आवाज येऊन दोन-चार तासांत गुडघा सुजला, याचा अर्थ बहुतेक वेळा आत रक्त साठलंय. त्यावर पहिले दोन-तीन दिवस गरम शेक किंवा तेल लावून रगडणं म्हणजे सूज वाढवणं. हाडवैद्याकडे जाऊन ओढून 'बसवून' घेणं तर कृपा करून करू नका. लिगामेंट म्हणजे दोन हाडं बांधून ठेवणारी दोरी. ती तुटलेली किंवा ताणलेली असते, निसटलेली नसते. बर्फाचा शेक दुखणं कमी करायला दहा-पंधरा मिनिटं चालतो, कापडात गुंडाळून. पण बर्फ लावून आठवडाभर अंथरुणातच पडून राहायचं, हा जुना सल्ला आता मागे पडला. १९७८ साली आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र मांडणारे अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनीच पुढे सांगितलं, की पूर्ण आराम आणि बर्फ या दोन्हींमुळे भरून येणं लांबू शकतं.

चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा ९० अंशांपर्यंत वाकत नसेल, वाटीवर किंवा पिंढरीच्या वर बाहेरच्या हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल किंवा वय ५५ किंवा त्याहून जास्त असेल, तर आधी एक्स-रे. आणि एक गोष्ट जिवाशी गाठ असलेली: दुखापतीनंतर लांबचा प्रवास झाला आणि मग एकाच पायाची पोटरी दुखायला, सुजायला, गरम लागायला लागली, तर पोटरी अजिबात चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत दम लागत असेल तर तासाभराचाही उशीर नको.

अंगठा

स्कीची काठी हातात धरून पडलं की अंगठा बाहेर फाकतो आणि त्याच्या मुळाशी आतल्या बाजूचं लिगामेंट जातं. लोक 'मुरगळला' म्हणून महिना काढतात. किल्ली फिरवताना किंवा बरणीचं झाकण उघडताना अंगठ्यात जोर राहत नसेल, तर आठवड्याच्या आत दाखवा. कधी कधी तुटलेलं टोक बाजूच्या पडद्यावर अडकतं आणि मग ऑपरेशनशिवाय जुळत नाही. पडताना काठी सोडून द्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

'मी घाट पळतो, मला काय होणार?'

जाण्याआधीची सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती आपल्या गावात विशेष दिसते. घाट चढताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. स्कीइंगमध्ये तो लांबत लांबत ब्रेक लावतो आणि अर्ध्या बैठकीत शरीर तोलून धरतो. ही दोन वेगळी कामं आहेत. दमसास घाटातून मिळतो, ब्रेक मिळत नाही. अजिंक्यताऱ्यावर जात असाल तर चढण्याची वेळ मोजता, तसं उतरणंही मनावर घ्या: न धावता, छोटी पावलं टाकत, गुडघे किंचित वाकवून.

निघण्याआधी आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, घरच्या जिन्याची सगळ्यात खालची पायरी वापरा. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच चार आकडे मोजत जमिनीला टेकवा आणि वर या. आठ वेळा, तीन फेऱ्या. समोर आरसा ठेवा. खाली जाताना गुडघा आत, पायाच्या अंगठ्याच्या बाजूला पडत असेल तर पायरीची उंची कमी करा. बर्फात लिगामेंट तुटतं ते बऱ्याचदा असं आत पडूनच. जोडीला भिंतीला पाठ टेकून बैठक, आणि मागच्या मांडीसाठी पाठीवर झोपून कंबर उचलणं, आधी दोन पायांवर, मग एकावर.

भाड्याच्या सामानाशी तडजोड

बूट स्कीला जिथे अडकतो तो खटका, म्हणजे बाइंडिंग, पडल्यावर सुटला पाहिजे. त्याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवर ठरतो. दुकानात वजन अंदाजानं सांगू नका आणि नवशिके असाल तर नवशिके आहोत असंच सांगा. मित्राच्या पायातली स्की तशीच घालू नका. थंडी वाजते म्हणून दोन-दोन मोजे घातले की बुटात पाय घसरतो; एकच, लोकरीचा. हेल्मेट घ्याच.

पडताना आणि दमल्यावर

तोल मागे गेला की आपण बसायला बघतो. कंबर गुडघ्यांच्या खाली गेली, वजन खालच्या स्कीच्या आतल्या कडेवर आलं, की गुडघा पिळला जातो. त्या मुलाचं हेच झालं. हात पुढे ठेवा, पाय जवळ घ्या, आणि पडलातच तर घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायची धडपड करू नका. मांड्या थरथरायला लागल्या की त्या दिवसाचं स्कीइंग संपलं असं समजा.

परत कधी जायचं

गुडघ्याच्या आतल्या कडेचं लिगामेंट थोडं ताणलं असेल तर बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय काही आठवड्यांत भरतं. गुडघ्याच्या मधोमध असलेलं पुढचं क्रुशिएट लिगामेंट (एसीएल) नवं बसवलं असेल तर खेळाकडे परतायला किमान ९ महिने. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुखणं थांबतं, लोक व्यायाम सोडतात आणि मला फोन येतो, "मॅडम, आता एकदम ओके आहे." दुखत नाही म्हणजे आतली दोरी पक्की झाली असं नाही. एका पायावर लांब उडी मारून पाहतो आम्ही. दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचला पाहिजे, मांडीची ताकदही तेवढीच.

उशीवाल्या मुलाचा गुडघा सरळ व्हायला साडेपाच आठवडे लागले, आणि त्यानंतरच त्याचं ऑपरेशन करता आलं. आता तो रोज संध्याकाळी जिन्याची तीच पायरी करतो. आई समोर बसून आकडे मोजते. उडीत डावा पाय अजून एक वीतभर मागे आहे, म्हणून या हिवाळ्याचं बुकिंग त्यानं केलेलं नाही.