महापालिकेच्या शाळेविरुद्ध भरपाईचा दावा : मुदत कशी मोजावी

शाळेत किंवा सरकारी वसतिगृहात मुलावर अत्याचार झाल्याचे कळताच कोल्हापुरातले पालक आधी पोलीस ठाणे गाठतात, आणि ते योग्यच आहे. पोक्सो कायदा (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण), २०१२ खालील गंभीर गुन्ह्यांच्या फिर्यादीला मुदतीची आडकाठी नसते. भरपाईच्या दिवाणी दाव्याचे मात्र तसे नाही. तारीख हुकली की दावा मुदतबाह्य ठरतो आणि अपिलात चालणारा विलंबमाफीचा अर्ज मूळ दाव्याला चालत नाही.

म्हणून प्रतिवादी कोण, हे प्रथम ठरवावे. राज्य शासन असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. भरपाईची मुदत साधारणतः तीन वर्षे असते आणि मुदत कायदा, १९६३ च्या कलम ६ मुळे अज्ञानाला (सज्ञान नसलेल्या मुलाला) ती अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून मिळते, त्यामुळे ‘एकविसापर्यंत वेळ आहे’ असे सर्रास सांगितले जाते. महापालिकेबाबत हा सल्ला अंगाशी येऊ शकतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ मध्ये, त्या अधिनियमाखालील कृती किंवा हयगय यांबद्दलच्या दाव्यासाठी एक महिन्याची नोटीस आणि केवळ सहा महिन्यांची मुदत आहे. अत्याचार या कलमात बसतो का, यावर वाद घालता येईल. पण तो सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करूनच घालावा.

समजा, मुलीचा जन्म १ जून २००८ चा आहे. सज्ञान होण्याची तारीख १ जून २०२६, म्हणजे तेथून सहा महिने मोजून नोव्हेंबरअखेरपर्यंत दावा दाखल व्हायला हवा आणि नोटीस फार तर सप्टेंबरात जायला हवी. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो, तरी त्याच्या भरवशावर राहू नये. खरे तर अठरा वर्षांची वाट पाहण्याचेच कारण नाही, आई ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मुलाच्या वतीने दावा चालवणारी व्यक्ती) म्हणून आजही दावा लावू शकते. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी तिचा स्वतंत्र अधिनियम वकिलाकडून तपासून घ्यावा.

पोक्सोचे विशेष न्यायालयही भरपाई, अगदी अंतरिम भरपाईसुद्धा, देऊ शकते. तो अर्ज दाव्यासाठी थांबवू नये. कसबा बावड्यातील न्याय संकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

नोटीस बंद पाकिटात, पोचपावतीसह स्पीड पोस्टने, रजिस्ट्रेशनची जोडसेवा घेऊन पाठवावी. हातोहात दिल्यास आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा, आणि मुलाचे नाव पाकिटावर कुठेही येऊ देऊ नये.