‘माझा स्वभावच असा’ म्हणण्याआधी

लहानपणी घरात त्रास सोसताना लागलेल्या सवयीला आपण कधीकधी मोठेपणी स्वभाव समजतो. म्हणून ‘माझा स्वभावच असा’ असं म्हणून विषय मिटवण्याआधी एक वही घ्या. तीन उभे रकाने आखा: काय घडलं, अंगात काय झालं, मी काय केलं. आठवडाभर नुसतं लिहा, अर्थ लावू नका.

माझ्या वहीतली नोंद सांगते. मी सांगलीत विश्रामबागला राहते, हायस्कूलमध्ये शिकवून निवृत्त झाले. रात्री मुलगा कामावरून येतो, फाटकाची कडी वाजते आणि माझ्या पोटात गोळा येतो. हातातली भाजी टाकून उभी राहते, त्याचा चेहरा बघते, मगच बसते. मुलगा गरीब स्वभावाचा. पण वाळवा तालुक्यातल्या आमच्या घरी वडील पिऊन यायचे. कडी कशी वाजली, त्यावर ताटं वाढायची की धाकट्याला उचलून मागच्या दारानं चुलतीकडे जायचं, हे ठरायचं. घरचे म्हणतात, आई उगाच काळजी करते. त्या वयात त्याच काळजीनं आम्हाला वाचवलं.

आठवड्यानं चौथा रकाना वाढवा: ही सवय तेव्हा कशाला उपयोगी पडत होती?

अमेरिकेत फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांनी १९९८ साली एक मोठा अभ्यास मांडला. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड असे प्रकार बालपणात जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्य, व्यसन आणि हृदयविकाराचा धोका जास्त आढळला. पण ही हजारो माणसांची सरासरी आहे. एकट्या माणसाचं भविष्य त्यातून निघत नाही, म्हणून त्या अभ्यासातली प्रश्नावली भरून स्वतःला गुण देत बसू नका. शिवाय सगळं बालपणावरही टाकता येत नाही. लवकर धास्तावणं, मनाला लावून घेणं ज्यांच्यात जास्त, त्यांना समाधान कमी लाभतं, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. पण त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. माझा धाकटा भाऊ त्याच घरात वाढला आणि रात्री ढाराढूर झोपतो. हा धास्तावलेपणा वयाबरोबर बऱ्याच जणांचा ओसरतो, उपचारानंही कमी होतो.

आता वहीतली एकच सवय निवडा, सगळ्यात लहान. मी कडी वाजली तरी उठत नाही. पाय जमिनीला टेकवते, श्वास सावकाश सोडते, गवारीच्या शिरा काढत राहते. पोटात गोळा येतो, येऊ द्यायचा.

शेवटच्या पानावर त्या काळात पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसाचं नाव लिहा. हवाईतल्या कावाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशकं अभ्यास केला. बिकट परिस्थितीतली साधारण एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली. अशा मुलांना बहुधा निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस लाभलं होतं, कधी आजी, कधी शिक्षक. माझ्या पानावर चुलती आहे. तुमचं माणूस हयात असेल तर जाऊन भेटा.

‘झालं गेलं विसर, माफ कर’ असं कुणी म्हटलं तरी घाई करू नका. ज्यानं मारलं त्याला वही दाखवायची गरज नाही. लिहिताना झोप उडाली, जीव नकोसा वाटला, तर वही तिथंच मिटा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.